राय हार्बरचा गोट्यांचा किनारा: आई-बाबांना घेऊन जाताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. लंडनला राहणाऱ्या एका ताईंकडे पुण्याहून आई-बाबा आलेत. बाबा सत्तरी ओलांडलेले, पण पर्वती चढून येणारे. आईंचे गुडघे कुरकुरतात. शिवाय आठ वर्षांचा मुलगा. ब्रायटन बघून झालं आणि गर्दीने सगळे वैतागले. आता जूनमधल्या एका शनिवारी ससेक्समधल्या राय हार्बरच्या निसर्ग राखीव क्षेत्रात जावं का, तिथे बघण्यासारखं काय, आईंना झेपेल का आणि दिवसभर मन रमेल का?

जा. फक्त घरात ‘बीचवर चाललोय’ असं सांगू नका. बीच म्हटलं की आपल्या माणसाच्या डोळ्यांपुढे पुळण येते, अनवाणी पाय येतात, भेळ येते. इथे त्यातलं काही नाही, वाळूच्या जागी नुसते दगडगोटे आहेत. मी मूळचा गुहागरकडचा. या किनाऱ्यावर पहिल्यांदा आलो तेव्हा मनात आलं होतं की रस्त्याच्या कामाची खडी पसरून कंत्राटदार पळून गेलाय. आता बारा वर्षं मी इथे स्वयंसेवक आहे. घरटी मोजतो, कुंपणं दुरुस्त करतो, सुट्टीच्या दिवशी लोकांना फिरवतो. त्या अनुभवावरून सांगतो, हा किनारा फार चालून कळत नाही. थोडं चाला, पुष्कळ बसा.

आधी आईंच्या गुडघ्यांचं बघू. राय हार्बर गावातल्या गाडीतळापासून रॉदर नदीच्या मुखापर्यंत सरळ, सपाट, पक्का रस्ता जातो. अंतर साधारण दीड किलोमीटर. त्यावर वाहनांची वर्दळ नाही, व्हीलचेअर आरामात जाते, मधूनमधून बाकं आहेत. वाटेत थोड्याच अंतरावर 2021 साली उघडलेलं माहिती केंद्र लागतं. चहा, खाणं, स्वच्छतागृह सगळं तिथेच आहे, आणि मोठ्या काचांमधून समोरचं पाणी आणि पक्षी दिसतात. म्हणजे आई तिथपर्यंतच आल्या तरी त्यांचा दिवस फुकट जाणार नाही. पक्षी बघायला लाकडी आडोसेही आहेत. आत बाक, समोर फटी. तिथे वारा लागत नाही, हा त्यांचा दुसरा आणि माझ्या मते मोठा उपयोग.

गोट्यांवर चालणं मात्र वेगळं प्रकरण आहे. पाऊल टाकलं की दगड सरकतात, घोटा वळतो, दहा पावलांत पोटऱ्या बोलायला लागतात. बाबा पर्वती चढतात म्हणून त्यांना हे सोपं जाईल असं धरून चालू नका. पायऱ्या जागच्या हलत नाहीत, हे दगड हलतात. चपला, सँडल घरी ठेवा. जाड तळव्याचे, घोट्यापर्यंत येणारे बूट असले तर उत्तम. काठी असेल तर आणा. आणि गोट्यांवर उतरायचं ते एकाच ठिकाणी, रस्ता संपतो तिथे, पाण्याच्या बाजूला. बाकी ठिकाणी दोऱ्या आणि पाट्या आहेत, त्या का आहेत ते पुढे सांगतो.

आता खुद्द दगडांकडे येऊ. लोक इथे पक्षी बघायला येतात आणि ज्यावर उभे आहेत ते बघायचं विसरतात. एक गोटा उचलून हातात घ्या. बहुतेक चकमकीचा असेल, ज्याच्यावर पोलाद आपटून पूर्वी ठिणगी काढत तीच चकमक. बाहेरून तपकिरी, करडा, कधी मधाच्या रंगाचा. फुटलेला मिळाला तर आत काळा, काचेसारखा चमकणारा. डायनोसॉरच्या काळात इथल्या उथळ समुद्राच्या तळाशी खडूचे थर साचत होते. त्या समुद्रातल्या स्पंजांच्या सांगाड्यांतली सिलिका विरघळली आणि खडूच्या आत गाठी होऊन बसली. त्याच या गाठी. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तुमच्या हातातला गोटा त्याच्याहूनही कोटी-दोन कोटी वर्षांनी तरी म्हातारा. पश्चिमेकडचे खडूचे कडे समुद्राने खाल्ले, खडू विरघळून गेला, चकमक उरली आणि घासून घासून गोल झाली. पृष्ठभागावर नखाच्या कोरीएवढ्या बारीक चंद्रकोरी दिसतील. लाटांमध्ये दगडावर दगड आपटल्याच्या त्या खुणा. मुलाला भिंग देऊन ठेवा, अर्धा तास तो कुठे जात नाही.

भोक पडलेला दगड सापडला तर तो इथल्या लोकांच्या लेखी शुभ. पूर्वी असे दगड दोरीत ओवून होडीला आणि तबेल्याच्या दाराला बांधत, चेटकीण लांब राहावी म्हणून. माझ्या आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “म्हणजे लिंबू-मिरचीच की.” तिने त्या दिवशी एक पांढुरका, सोंड असल्यासारखा दिसणारा गोटा पदरात टाकला होता. देवघरात ठेवायचा होता. तो मी परत ठेवायला लावला आणि संध्याकाळपर्यंत ती माझ्याशी धड बोलली नाही. पण नियम म्हणजे नियम. किनाऱ्यावरचे दगड नेऊ नयेत यासाठी इंग्लंडमध्ये 1949 पासून कायद्याचाच आधार आहे, आणि राखीव क्षेत्रात तर काहीच उचलायचं नाही. एका गोट्याने काय होतं, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. मी त्यांना समोरच्या ट्रकांची गोष्ट सांगतो.

ती अशी. इथे वारा बहुतांश नैऋत्येचा. लाट किनाऱ्यावर तिरकी चढते आणि सरळ खाली उतरते. प्रत्येक लाटेबरोबर दगड थोडा पूर्वेला सरकतो. दिवसात हजारो लाटा. त्यामुळे पश्चिमेला, क्लिफ एंडच्या बाजूला, किनारा झिजत राहतो आणि इकडे नदीच्या मुखाशी दगडांची रास वाढत राहते. झिजणाऱ्या बाजूला मागे सखल जमीन आहे, घरं आहेत. तिथला गोट्यांचा बांध पातळ झाला तर पाणी आत शिरेल. म्हणून हिवाळ्यात ट्रक लावून इथले गोटे भरतात आणि काही किलोमीटर मागे, पश्चिमेला नेऊन ओततात. समुद्र ते पुन्हा इकडे आणतो. माणसं पुन्हा तिकडे नेतात. वर्षानुवर्षं हे चालू आहे, कोणीच दमत नाही. तुम्ही जूनमध्ये जाताय, तेव्हा ट्रक दिसणार नाहीत, पण पाण्याच्या कडेला दोन-तीन पायऱ्यांसारखे उंचवटे दिसतील. अलीकडच्या भरतीचा, त्याआधीच्या मोठ्या उधाणाचा, मागच्या वादळाचा असा एकेक.

हेच उंचवटे आत जमिनीत शेकडो वर्षांचे आहेत. एकामागे एक, नांगरटीच्या सऱ्यांसारखे. पुरावा हवा असेल तर आत जमिनीच्या बाजूला नजर टाका. मेंढ्यांच्या कुरणात एक बुटका, गोल बुरुजांचा किल्ला दिसेल. तो कॅम्बर कॅसल. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या काळात बंदराच्या रक्षणासाठी तो समुद्राकाठी बांधला. पुढे दगड साचत गेले, पाणी लांब गेलं, तोफांना नेम धरायला काही उरलं नाही आणि 1637 मध्ये किल्ला सोडून दिला. आज समुद्र तिथून मैलभराहून लांब आहे. आपल्या कोकणात लाटा खात उभे असलेले किल्ले पाहिलेल्या माणसाला ही उलटी तऱ्हा गमतीची वाटते. याच्या बरोबर विरुद्ध गोष्ट जुन्या विंचेल्सीची. ते भरभराटीचं बंदर गोट्यांच्या दांड्यावर वसलेलं होतं आणि तेराव्या शतकातल्या वादळांनी, शेवटी 1287 च्या तडाख्याने, ते साफ बुडवलं. आजचं विंचेल्सी टेकडीवर आहे ते त्याचमुळे. बाबांना इतिहासाची आवड असेल तर एवढं सांगून ठेवा, बाकीचे प्रश्न ते स्वतः काढतील.

दगडांवर माती नाही, पावसाचं पाणी पडल्या पडल्या खाली जातं, वर खारा वारा. तरी जूनमध्ये इथे बाग फुललेली असते. सगळ्यात ठसठशीत दिसते ती समुद्री कोबी. निळसर, मेणचट, कुरळी पानं आणि वर पांढऱ्या फुलांचे झुबके, जवळ गेलं की मधाचा वास. आपल्या भाजीच्या कोबीचीच चुलत बहीण. तिची मुळं गोट्यांमधून खूप खोल जातात. फळं वाटाण्याएवढी, बुचासारखी हलकी, ती समुद्रावर तरंगत दुसऱ्या किनाऱ्याला लागतात. पिवळ्या पाकळ्यांची पॉपीही दिसेल, चवळीच्या शेंगेसारखी लांब वाकडी शेंग असलेली. तिचा चीक विषारी आहे, मुलाला सांगून ठेवा. आणि ज्या जागी काहीच नाही असं वाटतं, तिथे दगडांवर करड्या-पांढऱ्या दगडफुलाचे डाग असतात. हो, गोडा मसाल्यात पडतं त्याच्याच जातकुळीचं. ते वाढायला दशकं लागतात आणि बुटाखाली एका क्षणात जातं. मला विचाराल तर दोरीच्या आत जाऊ नये याचं पहिलं कारण हे, आणि पाट्यांवर त्याचा सगळ्यात कमी उल्लेख असतो.

दुसरं कारण पक्षी, आणि इथे माझीच फजिती सांगतो. पहिल्या वर्षी, अजून स्वयंसेवक नव्हतो तेव्हा, चांगल्या फोटोच्या नादात मी दोरीपलीकडे चार पावलं गेलो. समोर एक छोटा चिखल्या, गळ्यात काळा पट्टा असलेला, पंख लोंबकळत लंगडायला लागला. मला वाटलं जखमी आहे. त्याच्या मागे मागे गेलो. पंधरा-वीस मीटर नेलं त्याने आणि मग टुणकन उडाला, काही झालंच नाही असा. आपल्या अंड्यांपासून मला लांब न्यायचं ते सोंग होतं. मागून कोणीतरी ओरडलं, “हलू नका, होता तिथेच थांबा!” खाली पाहिलं. माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर दुसऱ्याच घरट्यातली चार अंडी होती, गोट्यांच्याच रंगाची, गोट्यांवरच ठेवलेली. घरटं म्हणजे नुसता खळगा. मी ती अंडी पाहून उभा होतो तरी एकदा नजर हटल्यावर पुन्हा शोधायला मला वेळ लागला. दुसऱ्या आठवड्यात जाऊन स्वयंसेवकांच्या यादीत नाव घातलं.

जूनमध्ये इथला खरा मानकरी म्हणजे टर्न, मराठीत सुरय. तीन जाती बघायला मिळतील. त्यात मोठा, काळ्या चोचीच्या टोकाला पिवळा ठिपका असलेला सँडविच टर्न. नाव खाण्याच्या सँडविचवरून नाही, शेजारच्या केंटमधल्या सँडविच गावावरून. हीच जात हिवाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही येते, पण ते पक्षी कास्पियन समुद्राकडचे. मग साधा टर्न, आणि सगळ्यात छोटा लिटल टर्न. वजन पन्नास-साठ ग्रॅम, म्हणजे एका अंड्याएवढं. पिवळी चोच, पांढरं कपाळ. तो पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो, मान खाली घालून बघतो आणि दगड टाकावा तसा पडतो. वर आला की चोचीत बोटभर मासा. नर तो मासा मादीपुढे धरून मिरवतो, आणि ती घेईलच असं नाही. हिवाळ्याला हे पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जातात आणि वसंतात उघड्या गोट्यांवर अंडी घालायला पुन्हा इथे येतात. कोल्हा, भटकं कुत्रं, कुरव म्हणजे सीगल, कोणालाही ती आयती मेजवानी. म्हणून विजेच्या तारांची कुंपणं लावावी लागतात. वेळासला कासवांची अंडी जाळीच्या आत राखतात, ते पाहिलेल्या माणसाला हे काम लगेच ओळखीचं वाटेल.

आडोशात गेलात की एक गंमत बघा. मुंबईत हिवाळ्यात समुद्रावर कुरवांचे थवे असतात. त्यातल्या काळ्या डोक्याच्या कुरवाचं डोकं तेव्हा पांढरं असतं, कानामागे फक्त एक काळा ठिपका. नाव काळ्या डोक्याचा आणि डोकं पांढरं, असं का, हे मला लहानपणी कोणी सांगितलं नव्हतं. इथे जूनमध्ये त्याच जातीचे पक्षी पूर्ण गडद, कॉफीच्या रंगाची टोपी घालून बसलेले दिसतात. विणीचा पोशाख. शिवाय वर वळलेल्या बारीक चोचीचे उचाट्या, कोंबडीच्या मागे फिरतात तशी पिल्लं घेऊन उथळ पाण्यात फिरत असतील. आडोशाची फळी हळू उघडा, हात बाहेर काढू नका, पहिली पाच मिनिटं दुर्बीणसुद्धा लावू नका. आधी नुसत्या डोळ्यांनी कुठे काय हालचाल आहे ते कळू द्या. नवखा माणूस दुर्बीण लावून पाणी चाचपत बसतो आणि समोरच्या काठावरचा पक्षी त्याला दिसत नाही.

ही तळी नैसर्गिक नाहीत, बरं का. बरीचशी गोटे उपसून झालेल्या खाणी आहेत. आणि रस्त्याच्या कडेचं खाजण तर 2011 मध्ये बांध फोडून, समुद्राचं पाणी मुद्दाम आत घेऊन तयार केलेलं. ज्यांच्या आजोबांनी खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून आयुष्यभर बांध लिंपले, त्या माझ्यासारख्या कोकण्याला हे पचायला वेळ लागला. आता तिथे ओहोटीला चिखलात चोची खुपसणारे पक्षी मोजताना तक्रार राहत नाही.

गोट्यांवर पश्चिमेकडे चालत गेलं तर एक जुनी, ओकीबोकी काँक्रीटची इमारत लागते. आईंना तिथपर्यंत नेऊ नका, बाबांना वाटलं तर नक्की. ती लाइफबोटीची शेड. 15 नोव्हेंबर 1928 च्या पहाटे वादळात ‘मेरी स्टॅनफर्ड’ ही वल्ह्यांची बचाव होडी तिथून समुद्रात ढकलली. ज्या जहाजासाठी निघाले, त्यावरची माणसं दुसऱ्या जहाजाने आधीच वाचवली होती. तसा निरोप होडी सुटल्यावर काही मिनिटांत पोचला. परत फिरण्याची खूण किनाऱ्यावरून केली, पण वादळात ती होडीला दिसली नाही. सतराच्या सतरा जण गेले. गाव केवढंसं, त्यामुळे घरंच्या घरं ओस पडली. गावच्या चर्चच्या आवारात त्यांचं स्मारक आहे. परतताना दोन मिनिटं थांबा.

त्यावरून पोहण्याचं. पोहू नका. गोट्यांचा उतार एकदम खोल जातो आणि परतणारी लाट पायाखालचे दगडच ओढून नेते. नदीच्या मुखाशी तर पाऊलही घालू नका, उधाणाला इथे पाणी सहा मीटरहून जास्त चढतं-उतरतं आणि तेवढं सगळं त्या चिंचोळ्या तोंडातून पळतं. पलीकडे कॅम्बर सँड्सची वाळू दिसेल, मुलगा हट्ट करेल. तिथे जायला राय गावातून वळसा घालावा लागतो, आणि तीही वाळू दिसते तितकी गरीब नाही. 2016 च्या उन्हाळ्यात तिथे सात जण बुडाले, त्यातले पाच लंडनहून एकत्र सहलीला आलेले मित्र होते. भरतीचं पाणी मागच्या सखल भागात आधी भरतं आणि पुढे गेलेला माणूस वाळूच्या उंचवट्यावर अडकतो.

पोचायचं कसं: सेंट पँक्रसहून जलद गाडीने अ‍ॅशफर्ड, चाळीस मिनिटांच्या आत. तिथून छोट्या गाडीने राय, वीस-पंचवीस मिनिटं. ही दुसरी गाडी तासाला एक, ती चुकवू नका. राय स्टेशनपासून राखीव क्षेत्र तीन किलोमीटर, आईंसाठी टॅक्सी करा. डबा न्या. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि दही-चटणी वाऱ्यात बरी पडते, पातळ भाजी नको. उघड्यावर खाताना पाठीमागे भिंत असू द्या, नाहीतर हेरिंग कुरव हातातली पुरी नेतो. माझ्या डोळ्यांदेखत एका आजोबांचा अख्खा बटाटेवडा गेला आहे. जून असला तरी प्रत्येकाला विंडचीटर हवाच, आणि कानटोपी म्हटल्यावर आई खूश होतील.

नदीच्या मुखापाशी लाल छपराची काळी झोपडी आहे, सगळे तिचा फोटो काढतात, तुम्हीही काढा. पूर्वेला क्षितिजावर डंजनेसचं बंद झालेलं अणुवीज केंद्र ठोकळ्यासारखं दिसतं. तिथेही असाच, याहून अफाट गोट्यांचा माळ आहे. 1904 चा जुना दीपस्तंभ आहे आणि पंधरा इंची रुळांची छोटी आगगाडी. मुलाला ती फार आवडेल. पण दोन्ही एकाच दिवशी करायला जाऊ नका, धड एकही होणार नाही.

आदल्या रात्री भरतीची वेळ आणि वारा बघा. भरतीच्या आधी तासभर पोचलात तर चिखलावरचे पक्षी पाण्याने ढकलत ढकलत तुमच्या जवळ आणलेले असतील. नैऋत्येचा वारा ताशी चाळीस किलोमीटरच्या वर सांगत असतील तर शनिवारचा रविवार करा. मी एकटा असलो तर मुद्दाम तसल्याच दिवशी जातो. लाट मागे फिरताना हजारो गोटे एकमेकांवर घरंगळतात आणि परातीत तांदूळ ओतत राहावं तसा आवाज येतो. पण आईंना घेऊन नको.